माउस कुणाच्या हातात

आमच्याकडच्या सेवा केंद्राचा गाळा दहा बाय बाराचा असेल. बाहेर पत्र्याचं शेड, शेडखाली एक बाकडं. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीचा जोर होता तेव्हा त्या बाकड्यापासून चहाच्या गाड्यापर्यंत चपलांची रांग लागायची. चपला उन्हात, बायका सावलीला. आत बसलेला पोरगा दिवसभर एकच वाक्य म्हणायचा, "मावशी, ओटीपी आला का बघा." मावशी फोन पुढं करायच्या. मेसेज इंग्रजीत, आणि हा आकडा कुणालाही सांगू नका हेही त्यातच लिहिलेलं. पोरगा तो आकडा स्वतःच वाचायचा, स्वतःच टाकायचा, फोन परत द्यायचा. मग नवऱ्याच्या आधारचा ओटीपी. नवरा एमआयडीसीत शिफ्टला. त्याला फोन लावायचा, मशिनच्या आवाजात तो आकडा ओरडून सांगणार, तोवर ओटीपीची मुदत संपलेली. पुन्हा पहिल्यापासून.

त्या पोराला मी नावं ठेवणार नाही. तो नसता तर गावातल्या निम्म्या बायकांचे हप्ते अडकले असते. पण माझ्या चुलत सासूबाई, आम्ही त्यांना आक्का म्हणतो, त्या रांगेत होत्या आणि मी त्यांच्या सोबतीला. आक्का रात्री जेवण झालं की मोबाइलवर कीर्तन लावतात. पिंपरीच्या लेकीला व्हिडिओ कॉल करतात, नातवाचे दात बघतात. नको असलेली जाहिरात कशी ढकलायची ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं जमतं. पण काउंटरपाशी गेल्यावर त्यांनी फोन असा पुढं केला, जसा काही तो त्यांचा नव्हेच. कव्हरच्या आत पिन लिहिलेली चिठ्ठी होती, तीसुद्धा काढून दिली. मी म्हटलं, "आक्का, तुम्ही टाका की आकडा." तर म्हणाल्या, "मी कीर्तन बघतो तेवढं बास. यातलं मला काय कळतंय? तूच दाब रं बाबा."

आता आक्कांना इंटरनेट वापरणाऱ्यांत धरायचं की नाही? कुठल्याही सरकारी तक्त्यात त्या 'वापरकर्ता' म्हणूनच मोजल्या जातील. मी एके काळी तालुक्याच्या गावी एमएस-सीआयटी या कॉम्प्युटर कोर्सचे वर्ग घेतले आहेत. त्यामुळे असेल, पण अशा ठिकाणी गेलं की माझी नजर स्क्रीनकडे जात नाही. हाताकडे जाते. माउस कुणाच्या हातात आहे, हे मी बघते.

गेली पंचवीस-तीस वर्षं जगभरची सरकारं एकाच खटाटोपात आहेत: इंटरनेट लोकांपर्यंत पोचवायचं. पोचवण्याचं काम बऱ्यापैकी झालं आहे. मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेनं, जीएसएमएनं, २०२४ मध्ये मांडलेला हिशेब असा, की मोबाइल इंटरनेटची रेंजच नाही अशा जागी जगातले साधारण ३५ कोटी लोक राहतात. रेंज आहे आणि तरीही वापरत नाहीत, असे ३१० कोटी. हा दुसरा आकडा पहिल्याच्या जवळजवळ नऊपट आहे आणि त्याच्याविषयी कुणी फारसं बोलत नाही. कारण उघड आहे. केबल किती किलोमीटर टाकली ते मोजता येतं, टॉवरपुढं नारळ फोडता येतो. माणसानं स्वतःच्या बोटानं बटण दाबलं की नाही, याचं उद्घाटन कसं करणार?

या प्रश्नाचा एक फार जुना धडा आमच्या जवळच, वारणानगरला मिळालेला आहे. त्याची आठवण आता थोड्यांनाच असेल. १९९८ साली वारणा खोऱ्यातल्या सत्तरेक गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' नावाचा प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकारची कॉम्प्युटरचं काम बघणारी संस्था एनआयसी, राज्य सरकार आणि वारणेचा सहकारी समूह, असे तिघांचे पैसे आणि डोकी त्यात होती. त्या काळी पुण्या-मुंबईच्या घरांतही कॉम्प्युटर ही पाहुण्यांना दाखवायची वस्तू होती. इथं खेड्याखेड्यांत सोसायटीच्या खोलीत कॉम्प्युटर येऊन बसला. प्रकल्पाच्या कागदांवर काय नव्हतं? पिकांचे सल्ले, बाजारभाव, जमिनीचे दाखले, शिक्षण, आरोग्य. दिल्ली-मुंबईचे लोक बघायला यायचे. वर्तमानपत्रांत फोटो: धोतर-टोपीतला शेतकरी, समोर मॉनिटर.

प्रत्यक्षात शेतकरी तिथं कशासाठी जायचा? उसासाठी. नोंद झाली का, तोड कधी मिळणार, खताची मागणी नोंदवायची, कारखान्याच्या काट्यावर किती टन भरला, बिल कधी निघणार. ज्यासाठी आधी सायकल मारत कारखान्यावर किंवा गट ऑफिसला खेटे घालावे लागायचे, त्याची छापील पावती गावातच मिळू लागली. एवढंच झालं, आणि माझ्या मते हे 'एवढंच' फार मोठं होतं. ज्याला तोडीची तारीख कळत नाही त्या माणसाचा दिवस कसा जातो, कारखान्याच्या चिटबॉयच्या, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्याच्या, मागं कसं फिरावं लागतं, हे ज्याच्या घरी ऊस आहे त्यालाच माहीत.

पण बाकीचं काही रुजलं नाही. आणि एक गोष्ट शेवटपर्यंत बदलली नाही: की-बोर्ड ऑपरेटरच्या हातात राहिला. शेतकरी टेबलाच्या पलीकडं उभा, ऑपरेटर इकडं बसलेला. पुढं २००६-०७ च्या सुमारास बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या मंडळींनी हा सगळा कारभार नीट पाहिला. त्यांच्या लक्षात आलं की इतक्या कॉम्प्युटरांमधून जी माहिती खरोखर ये-जा करते ती एसएमएसमध्ये मावण्याजोगी आहे. मग त्यांनी काही गावांत कॉम्प्युटरऐवजी मोबाइलवरून तेच काम करून दाखवलं. साधा फोन, साधा मेसेज, खर्च कितीतरी कमी.

यावर हसणारे हसले. एवढा गाजावाजा करून शेवटी एसएमएस! मला तसं वाटत नाही. लोकांनी समोर मांडलेल्या पंगतीतून आपल्याला हवं तेच वाढून घेतलं, आणि ते शहाणपणाचंच होतं. प्रकल्प आखणाऱ्यांना वाटत होतं की यंत्र आलं की गरजा सुचतील. शेतकऱ्याकडे गरज आधीच होती, आणि तिला कॉम्प्युटर लागत नव्हता. मला हळहळ वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. तेवढ्या वर्षांत ज्या शेकडो माणसांनी त्या खोलीचा उंबरा ओलांडला, त्यांतल्या किती जणांना कुणी म्हटलं असेल, "या, बसा इकडं या खुर्चीवर"?

माझ्या वाट्याला नेमकं तेच काम आलं. २००१ मध्ये राज्यात कॉम्प्युटर-शिक्षणासाठी एमकेसीएल ही कंपनी स्थापन झाली आणि एमएस-सीआयटी नावाचा कोर्स गावोगावी गेला. त्याची थट्टा करायची आता फॅशन आहे, पण इतक्या लाखो माणसांना माउसला हात लावायला भाग पाडणारी दुसरी गोष्ट महाराष्ट्रात झालेली मला ठाऊक नाही. 'भाग पाडणारी' हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. सरकारी नोकरीला ते सर्टिफिकेट लागायचं, आणि आधीपासून नोकरीत असलेल्यांची वेतनवाढ त्यावर अडायची. त्यामुळे सकाळच्या बॅचला तलाठी, ग्रामसेवक, झेडपीचे गुरुजी. दुपारी भरतीची तयारी करणारी पोरंपोरी. आणि मधल्या रिकाम्या वेळेत, फी थोडी कमी करून, बायका.

निवृत्तीला टेकलेले एक गुरुजी पहिल्या दिवशी माउस हातात उचलून धरून बाण हलतो का बघत होते. ड्रॅग करायला जमावं म्हणून आम्ही सगळ्यांना कॉम्प्युटरवरचे पत्ते खेळायला लावायचो. गुरुजी अवघडले. "आयुष्यभर पोरांना पत्त्यांवरून छड्या मारल्या, आता मीच खेळू?" म्हणाले. आठवडाभरात मात्र वर्ग संपला तरी उठेनात. बायकांची तऱ्हा वेगळी. त्यांचा हात चटकन बसायचा, पण काही बिघडेल याची भीती फार. स्क्रीनवर काहीही आलं की हात आपोआप मांडीवर. घरात मिक्सर बिघडला तरी ऐकून घ्यावं लागतं, हे तर तीस हजारांचं यंत्र.

आमच्या वर्गाच्या सरांचा एक नियम होता. शिकवणाऱ्यानं दोन्ही हात मागं बांधून उभं राहायचं. कितीही वेळ लागो, समोरचा कितीही चुकीच्या जागी जावो, तोंडानं सांगायचं, माउस हातात घ्यायचा नाही. हे दिसतं त्यापेक्षा महाकठीण आहे. एखादी बाई 'सेव्ह'चं बटण शोधत पाच मिनिटं पडद्यावर भटकते तेव्हा आपला हात शिवशिवतो. पण एकदा का शिकवणाऱ्यानं माउस घेतला की समोरचा माणूस जो मागं सरकतो तो पुन्हा पुढं येत नाही. आणि स्वतःहून काही उघडलं, बंद केलं, यंत्र जळालं नाही, असं दोन-चारदा घडलं की त्याच्या बसण्यातच फरक पडतो. खुर्ची टेबलाकडे सरकवून घेतो.

सेवा केंद्रातल्या पोराला हात मागं बांधणं परवडणार नाही, कारण बाहेर चपलांची रांग आहे आणि त्याचं पोट अर्जांच्या संख्येवर आहे. तेव्हाही सक्ती होती, आताही आहे. पण तेव्हाच्या सक्तीच्या पोटात शिकवणं होतं. आताच्या सक्तीच्या पोटात फक्त मुदत आहे.

दक्षिण कोरियाची गोष्ट मला यामुळेच राहून राहून वाचावीशी वाटते. तिथलं ब्रॉडबँड म्हटलं की सगळे वेगाचं कौतुक करतात. १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटात तो देश अक्षरशः गुडघ्यावर आला होता. लोकांनी देशासाठी सोन्याच्या अंगठ्या काढून दिल्या, ते हेच संकट. १९९८ मध्ये तिथं केबलवरून घरगुती ब्रॉडबँड सुरू झालं, १९९९ मध्ये हानारो नावाच्या नव्या कंपनीनं फोनच्या तारेवरून ते द्यायला घेतलं, मग जुनी बलाढ्य कोरिया टेलिकॉमही इरेला पेटली, आणि २००२ च्या अखेरीस ग्राहक एक कोटीच्या वर गेले. देशात तेव्हा घरं साधारण दीड कोटी.

तारा टाकणं त्यांना सोपं होतं हे मान्य. निम्मी जनता उंच इमारतींत राहणारी, एका इमारतीत केबल नेली की शेकडो घरं जोडली जातात. पण नुसत्या तारेनं एवढं होत नाही. सरकारनं इमारतींना इंटरनेटच्या सोयीनुसार दर्जा द्यायला सुरुवात केली, बोधचिन्हासकट. झालं, बिल्डरांत चढाओढ लागली, कारण चिन्ह नसलेल्या फ्लॅटला भाव कमी. ही युक्ती मला भलतीच आवडते. माणसाला 'माहितीचा महामार्ग' वगैरे समजावत बसण्यापेक्षा फ्लॅटच्या भावाची भाषा बरी. दुसरीकडे गल्लोगल्ली 'पीसी बांग' निघाले, म्हणजे कॉम्प्युटरवर खेळायचे अड्डे. नोकरी गेलेल्या कितीतरी लोकांनी मिळालेल्या पैशांत हा धंदा टाकला, आणि १९९८ मध्ये आलेल्या स्टारक्राफ्ट या खेळानं पोरांना तिथं खिळवून ठेवलं. देशाच्या विकासात कार्ट्यांच्या खेळाचा वाटा आहे हे आपल्याकडच्या कुठल्या समितीनं अहवालात लिहिलं असतं?

आणि तिसरी गोष्ट बायकांची. २००० साली सरकारनं गृहिणींसाठी स्वस्तात इंटरनेटचे वर्ग काढले. नवी इमारत नाही, नवं खातं नाही. गल्लीगल्लीत पोरांच्या खासगी शिकवण्या होत्याच, पोरं शाळेत असताना त्यांच्या खोल्या मोकळ्या असायच्या, तिथंच हे वर्ग. सरकारनं फीचा काही भार उचलला. हिशेब व्यवहारी होता: कोरियन घरात पोरांच्या शिक्षणावर किती आणि कशावर खर्च करायचा हे आई ठरवते. आईला त्यात अर्थ दिसला की कनेक्शन आपोआप येतं. आमच्या मधल्या बॅचच्या बायका मला इथं हटकून आठवतात. त्याही पोरांच्या अभ्यासाचं निमित्त सांगूनच घराबाहेर पडायच्या.

एस्टोनियाचं उदाहरण याच जातीचं आहे. सोव्हिएत संघातून सुटलेला, जेमतेम चौदा लाख वस्तीचा देश. १९९६ मध्ये त्यांनी 'वाघाची झेप' नावानं शाळाशाळांत कॉम्प्युटर आणि इंटरनेट न्यायला घेतलं ते सगळ्यांना माहीत आहे. त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते २००१ नंतरचं. तिथल्या बँका आणि फोन कंपन्या एकत्र आल्या, पैसे घातले आणि शिकण्याचं वय उलटलेल्या मोठ्या माणसांसाठी फुकट छोटे वर्ग चालवले. काही वर्षांत लाखभर माणसं शिकून गेली. बँकांनी हे धर्मादाय म्हणून केलं नाही. लोक नेटवरून व्यवहार करू लागले तर शाखा कमी लागतात, एवढा साधा स्वार्थ. केनियात २००७ पासून एम-पेसाचे एजंट टपऱ्याटपऱ्यांवर बसून लोकांना फोनवरून पैसे पाठवायला शिकवत होते. २००९ मध्ये मोम्बासाच्या किनाऱ्याला समुद्राखालच्या मोठ्या केबल लागल्या तेव्हा निदान बोटांना फोनची सवय झालेली होती.

आता पैशाचं बोलायला हवं, नाहीतर कुणी म्हणेल की बाई नुसतं शिकवा-शिकवा करतेय. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीनं भारतात इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं तेव्हा पाचशे तासांचं वैयक्तिक खातं १५,००० रुपयांना होतं. विद्यार्थ्यांसाठी ५,०००, आणि त्यात चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. फोनचं बिल वेगळं. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचं ठरलं. आज त्या वेगात आक्कांचं कीर्तन पहिल्या अभंगालाच अडकेल. पुढं २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटाचे भाव जे कोसळले ते कोसळलेच. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगानं लक्ष्य ठेवलं होतं की साध्या इंटरनेटचा महिन्याचा खर्च दरडोई मासिक उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आत यावा. मोबाइल डेटापुरतं आपण ते कधीच गाठलं.

म्हणजे किमतीचा प्रश्न सुटला? अर्धा. देशात तारेचं ब्रॉडबँड २०२४ च्या सुमारास चारेक कोटी जोडण्यांवर होतं आणि बिनतारी नव्वद कोटींच्या आसपास. आपलं ब्रॉडबँड अंगठ्याचं आहे. अंगठ्यानं बघता येतं, ऐकता येतं, पुढं पाठवता येतं. सातबाराचा फेरफार वाचणं, पीक विम्याचा अर्ज भरणं, बारावीनंतरच्या प्रवेशाचे पर्याय लावणं हे त्या चार बोटं रुंदीच्या पडद्यावर करून बघा म्हणजे सेवा केंद्राबाहेर रांग का असते ते कळेल. शिवाय घरात फोन एक असला तर तो कुणाच्या खिशात असतो? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, इंटरनेट कधीतरी वापरलंय असं सांगणाऱ्या बायका देशभरात शंभरात तेहेतीस होत्या. पुरुष सत्तावन्न.

श्रीमंत देशांतही हे सुटलेलं नाही याचं मला आधी नवल वाटायचं. अमेरिकेनं करोनानंतर गरीब कुटुंबांना इंटरनेटच्या बिलात महिन्याला तीस डॉलरची सवलत दिली. दोन कोटी तीस लाखांहून जास्त कुटुंबांनी ती घेतली. निधी संपला आणि जून २०२४ मध्ये योजना बंद. तिथल्या काही सार्वजनिक ग्रंथालयांनी मात्र एक चांगली गोष्ट केली. 'डिजिटल नेव्हिगेटर' नावाची माणसं नेमली, जी फोनवर किंवा शेजारी बसून तुमचं अडलेलं काम तुमच्याच हातून करवून घेतात. नाव बदललं, पदार्थ तोच. हात मागं बांधलेला माणूस.

सहकाराच्या मुलखात वाढल्यामुळे असेल, पण सगळ्यांत आपलीशी वाटते ती इंग्लंडमधल्या लँकशरची गोष्ट. डोंगराळ भाग, विखुरलेल्या वाड्या, मेंढ्या. मोठ्या कंपन्यांना तिथं केबल टाकणं परवडेना. २०११ मध्ये गावकऱ्यांनी 'बी-फोर-आर-एन' नावाची आपली संस्था काढली. शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीतून केबल न्यायला भाडं घेतलं नाही. चर खणायला स्वतः उतरले, आपापले खोदाईचे ट्रॅक्टर घेऊन. खणण्याच्या मजुरीच्या बदल्यात संस्थेचे शेअर. महिन्याला तीस पौंडांत एक गिगाबिटचा वेग मिळू लागला, जो तेव्हा लंडनच्या बहुतेक घरांतही नव्हता. ज्या केबलसाठी आपण कुदळ मारलीय ती घरात घ्यायची की नाही, हा प्रश्न तिथं कुणाला पडला नसणार. वारणेत साखर कारखाना ज्या रीतीनं उभा राहिला ती याहून वेगळी नव्हती. मग आपलं फायबर आपण असं का नाही टाकलं? याचं सरळ उत्तर माझ्याकडे एकच आहे: आपल्याकडे फायबर वरून आलं.

वरून म्हणजे किती वरून? २०११ च्या ऑक्टोबरात केंद्राच्या मंत्रिमंडळानं अडीच लाख ग्रामपंचायती फायबरनं जोडायचं ठरवलं. पुढं त्याचंच नाव भारतनेट झालं. पैसा फोन कंपन्यांच्या उत्पन्नातून कापल्या जाणाऱ्या निधीतला, म्हणजे शेवटी तुमच्या-माझ्या बिलातला. मुदती वाढत गेल्या. पंचायती 'सेवेसाठी सज्ज' म्हणून मोजल्या जाऊ लागल्या, आणि सज्ज असणं व प्रत्यक्ष चालू असणं यांतलं अंतर संसदेच्या समित्यांनाही वारंवार टोचलं. मेळघाटातल्या हरिसालचं तर सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. २०१६ मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं आणि २०१९ च्या निवडणुकीत राज ठाकरेंच्या 'लाव रे तो व्हिडीओ'त सापडलं. त्या वादात कोण किती खरं हे बाजूला ठेवू. पण कोरकू बोलणाऱ्या गावात पहिला प्रश्न वेगाचा नव्हता, एवढं मेळघाटात एक दिवस फिरलेलाही सांगेल. कालवा शिवारापर्यंत आला म्हणून वाफ्यात पाणी शिरत नाही. दारं धरायला कुणीतरी बांधावर उभं राहावं लागतं.

मी हे सगळं नुसतं मनात घोळवत बसले असते, पण ग्रामसभेची नोटीस निघाली. विषयपत्रिकेत चौकात मोफत वायफाय आणि सीसीटीव्ही असे दोन विषय होते. मी सहसा ग्रामसभेत बोलत नाही. या वेळी उठले आणि म्हटलं, वायफायला माझा विरोध नाही. पण त्यातले थोडे पैसे बाजूला काढा. वाचनालयाची खोली दुपारी बंदच असते. शाळेचे दोन कॉम्प्युटर तिथं ठेवा, गावातल्याच एखाद्या शिकलेल्या मुलीला महिन्याला मानधन द्या, रोज दुपारी दोन तास. कुणीही यावं, आपलं काम आणावं: गॅसचं बुकिंग, लाइट बिल, पोरीच्या स्कॉलरशिपचा अर्ज. ती मुलगी काहीही भरून देणार नाही. नुसती शेजारी उभी राहील आणि सांगेल. हात कसे ठेवायचे ते तिला मी शिकवते.

मागच्या सतरंजीवरून एक-दोन बायका म्हणाल्या, "चालंल की." आमच्या सरपंच बाई आहेत. पण माइक त्यांच्या मिस्टरांकडे होता, त्यामुळे उत्तर त्यांनी दिलं. म्हणाले, कल्पना चांगली आहे, पण त्यासाठी सेवा केंद्र आहेच की. मी म्हटलं, तिथं कामं होतात, शिकणं होत नाही. ते ग्रामसेवकांकडे वळले. ग्रामसेवक भला माणूस. माझ्याच बॅचला एमएस-सीआयटी केलेला. त्यानं रजिस्टर उघडलं, खर्चाच्या शीर्षांवरून बोट फिरवलं, पान उलटलं, पुन्हा मागं आला.

"मॅडम," तो म्हणाला, "राउटर असता तर साहित्यात बसला असता. कॅमेरा बसतो. सोलर दिवासुद्धा बसतो. पण शेजारी उभं राहायचे पैसे कुठल्या हेडखाली टाकायचे, तेवढं तुम्हीच सांगा."